अर्थांची यादी पाठ न करता इंग्रजीतले ‘गेट’ (get) हे क्रियापद कसे वापरावे

‘गेट’चे सगळे अर्थ एकाखाली एक लिहून पाठ करावेत, हा सल्ला मला मुळीच मान्य नाही. अनेक वर्षे हे क्रियापद शिकवताना मी पाहिले आहे की यादी पाठ असलेला विद्यार्थीही वाक्य समोर आले की अडतो, कारण येथे अर्थ क्रियापदात कमी आणि त्याच्यापुढे येणाऱ्या शब्दांत अधिक असतो. म्हणून सर्वप्रथम ‘गेट’नंतर काय आले आहे, ते पाहावे.

रूपे गेट, गॉट, गॉट अशी आहेत. अमेरिकन इंग्रजीत तिसरे रूप बहुधा ‘गॉटन’ होते; मात्र ‘आय हॅव गॉट अ कार’ म्हणजे ‘माझ्याकडे गाडी आहे’, आणि या अर्थाने तेथेही ‘गॉटन’ चालत नाही.

पुढे नाम असल्यास अर्थ मिळणे किंवा आणणे असा होतो. ‘मला पत्र मिळाले’ या मराठी वाक्यात कर्ता पत्र आहे, तर ‘आय गॉट अ लेटर’ या इंग्रजी वाक्यात कर्ता मी आहे. हा फरक न ओळखल्यामुळेच ‘अ लेटर वॉज गॉट बाय मी’ अशी अशुद्ध वाक्ये तयार होतात.

पुढे विशेषण असल्यास अर्थ ‘होणे’: ‘आय ॲम टायर्ड’ म्हणजे मी दमलेलो आहे, ‘आय ॲम गेटिंग टायर्ड’ म्हणजे मी दमत चाललो आहे. पुढे ठिकाण असल्यास अर्थ ‘पोहोचणे’. ‘गेट टू द स्टेशन’मध्ये ‘टू’ लागतो, ‘गेट होम’ आणि ‘गेट देअर’मध्ये लागत नाही.

खरी अडचण पुढच्या पायरीवर आहे. ‘गेट’नंतर आधी एखादी वस्तू आणि मग क्रियापदाचे तिसरे रूप आले, की मी स्वतः कित्येक महिने गोंधळत असे. केस कापून घेतल्यावर मी ‘आय कट माय हेअर’ असे म्हणालो, तेव्हा समोरच्याने केस स्वतःच कापले का, असे विचारले. मला म्हणायचे होते ‘आय गॉट माय हेअर कट’. मराठीतले ‘करवून घेणे’ येथे नेमके बसते, आणि मराठी माणसाजवळ ही रचना आधीपासूनच असताना ती परकी म्हणून शिकवली जाते, याचे मला आजही वाईट वाटते.

परंतु ‘करवून घेणे’ या एकाच अर्थावर विसंबणे धोक्याचे आहे. ‘शी गॉट हर बॅग स्टोलन’ या वाक्याचा अर्थ तिने पिशवी चोरवून घेतली असा नाही. तिची पिशवी चोरीला गेली, एवढाच आहे. ‘आय गॉट द वर्क डन’ या वाक्यात तर काम मी स्वतःच उरकलेले असू शकते. एकाच साच्यातून हे तीन अर्थ निघतात, म्हणून दोन प्रश्न अवश्य विचारावेत: इच्छा कोणाची होती आणि हात कोणाचा होता? इच्छा माझी व हात दुसऱ्याचा असेल तर ‘करवून घेणे’, दोन्ही माझे असतील तर ‘उरकणे’, आणि इच्छाच नसेल तर ते नुकसान किंवा अपघात समजावा. शब्दांचा क्रम मात्र कधीही बदलू नये. वस्तू आधी आणि क्रियापद नंतरच येते, त्यामुळे ‘आय गॉट कट माय हेअर’ हे वाक्य चूकच आहे.

वस्तूच्या जागी काम करणारी व्यक्ती आली, की ‘टू’ अनिवार्य होतो: ‘आय गॉट हिम टू रिपेअर द वॉच’. ‘मेक’ आणि ‘हॅव’ यांच्यासोबत मात्र ‘आय मेड हिम रिपेअर इट’, ‘आय हॅड हिम रिपेअर इट’ असा ‘टू’विना प्रयोग होतो. ही तिन्ही क्रियापदे एकाच दिवशी शिकू नयेत, असे मी आग्रहाने सांगतो, कारण तसे केल्यास ‘टू’ कोठे लागतो याचा गोंधळ पुढे फार काळ राहतो. अर्थाच्या छटाही वेगळ्या आहेत: ‘गेट’मध्ये बहुधा समजावून राजी करणे असते, ‘मेक’मध्ये भाग पाडणे असते, तर ‘हॅव’मध्ये काम सोपवणे असते.

शेवटी ‘गेट अप’, ‘गेट ओव्हर’ अशा जोड्या उरतात. त्यांतील प्रत्येक जोडी स्वतंत्र शब्द मानून वाक्यासह शिकावी. वाहनांबाबत मात्र एक उपयोगी खूण आहे: ज्या वाहनात उभे राहून चालता येते, अशा बस, रेल्वे आणि विमानासाठी ‘गेट ऑन’ व ‘गेट ऑफ’ वापरावे, मोटारीत आणि टॅक्सीत वाकून बसावे लागते, म्हणून तेथे ‘गेट इन’ व ‘गेट आउट’ वापरावे.