राहून गेलेल्या चांगल्या कामांची झडती कशी घ्यावी

ख्रिस्ती पापकबुलीची, म्हणजे कन्फेशनची, तयारी करताना केलेलं चटकन आठवतं: खोटं बोललो, शिवी दिली, हात उगारला. न केलेलं मात्र मागे खूण ठेवत नाही, म्हणून ते वही घेऊन शोधावं लागतं. शनिवारी संध्याकाळी वीस मिनिटं काढा, तीही जेवणाआधी. भरल्या पोटी डोळे मिटून केलेलं आत्मपरीक्षण बहुधा झोपेत संपतं.

सुरुवात वाचनाने करा: बायबलच्या नव्या करारातलं याकोबाचं पत्र, अध्याय 4, वचन 13 ते अध्याय 5, वचन 4, सलग. चांगलं काय ते कळूनही न करणं हे पाप, हे 4:17 पुष्कळांना पाठ असतं. पण सुटं पाठ केल्यामुळे ते बोथट होतं. त्याच्या आधी ‘आज किंवा उद्या’ अमुक शहरी जाऊन नफा मिळवू म्हणणारे व्यापारी आहेत आणि चारच वचनं पुढे शेतात राबलेल्यांची अडवलेली मजुरी ओरडते आहे. म्हणजे याकोबाच्या डोळ्यांपुढे उद्यावर ढकललेलं देणं आहे. आपल्या नाशिक जिल्ह्यात दिंडोरी-निफाडच्या द्राक्षबागेत पेठ-सुरगाण्याहून आलेल्या मजुरांकडून छाटणी करून घ्यायची आणि पैसे ‘माल गेला की देऊ’ म्हणायचं, हे थेट त्यात बसतं. जुन्या करारातल्या अनुवाद 24:15 मध्ये तर मुदतही दिली आहे: त्याच दिवशी, सूर्य मावळण्यापूर्वी.

आता वहीत आठवडा उलटा लिहा, आजपासून मागच्या रविवारपर्यंत. प्रत्येक दिवसाला घर, शेजार, रस्ता, कामाची जागा आणि चर्च या पाच ठिकाणी मनाने फिरून या. प्रत्येक ओळीत माणूस कोण, त्याला काय हवं होतं आणि आपण त्याऐवजी काय केलं, हे यायलाच हवं. ‘गरिबांकडे दुर्लक्ष केलं’ ही ओळ खोडा, तिने काहीच सुधारत नाही. ‘मंगळवारी सातपूरच्या कारखान्यात सुरक्षेची जाळी काढलेल्या प्रेस मशीनवर नव्या कंत्राटी पोराला बसवलं, मी पाहिलं आणि चहाला निघून गेलो’ ही ओळ कामाची.

यादी लांबली की चाळणी लावा. मला कळलं होतं का? माझ्या हातात होतं का? ते करणं माझ्या वाट्याचं होतं का? नीतिसूत्रे 3:27-28 हेच विचारतं: ज्याला द्यायला हवं त्याला, हातात बळ असताना, ‘जा, उद्या ये’ म्हणू नकोस. 13व्या शतकात धर्मपंडित संत थॉमस अक्वायनस यांनीही हा भेद केला. ‘चोरी करू नको’ ही मनाई प्रत्येक क्षणाला लागू असते, पण ‘भलं कर’ ही आज्ञा योग्य वेळ आणि प्रसंग आला की बांधते. नाशिकच्या सीबीएस बसस्थानकापासून शालिमारपर्यंत पुढे आलेला प्रत्येक हात भरता येत नाही, आणि ते पापही नाही. अशा ओळी निःसंकोच खोडा.

पहिल्या प्रश्नाशी मात्र जपून. ‘कळलंच नाही’ हे मत्तय 25 मध्ये न्यायाच्या वेळी डावीकडे उभे केलेले, भुकेल्याला खाऊ न घातलेले लोकही म्हणतात. लूक 16 मधल्या श्रीमंताने लाजराला मारलं नव्हतं की हाकललं नव्हतं. लाजर हा भुकेला भिकारी त्याच्याच दारात पडून होता. कळू नये म्हणून आपण वाट बदलली असेल, फोन उलटा ठेवला असेल, तर ती ओळ राहू द्या.

उरलेल्या दोन-तीन ओळींपुढे कारण लिहा, कारण उपाय त्यावर ठरतो. भीती असेल तर माहिती मिळवा. मुंबई-आग्रा महामार्गावर अपघात पाहून लोक पोलिसांच्या कटकटीला भिऊन पुढे जातात. पण 2019 च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात आलेलं कलम 134अ सद्भावनेने मदत करणाऱ्याला संरक्षण देतं, आणि रुग्णवाहिकेसाठी 108 ला फोन करायला तर कोणीच अडवत नाही. आळस असेल तर वेळ बांधून घ्या. ‘दुसरं कोणीतरी करेल’ हे कारण असेल, तर त्या दुसऱ्याचं नाव लिहून पाहा. बहुतेक वेळा नाव सुचत नाही.

भरपाईला रक्कम आणि वार हवा. इथली नेहमीची चूक म्हणजे मजुराचे राहिलेले पैसे नाशिकरोडच्या बाळ येशू मंदिराच्या दानपेटीत टाकून मोकळं होणं. जकातदार जक्कयाने (लूक 19:8) दोन हिशेब वेगळे ठेवले: अर्धी मालमत्ता गरिबांना, आणि ज्याचं लुबाडलं त्याला चौपट. देणं ज्याचं त्यालाच द्या. तो माणूस वारला असेल तर त्याच्या घरच्यांना. माफी मागताना एका वाक्यात थांबा, नाहीतर त्यालाच आपली समजूत काढत बसावं लागतं.

कॅथलिकांनी कन्फेशनमध्ये हे ‘फादर, हेही राहिलं’ म्हणत शेवटी घुसडू नये. 1970 च्या मिस्सा-ग्रंथापासून मिस्साच्या आरंभी सगळ्यांनी मिळून म्हणायच्या पापकबुलीत विचार, शब्द आणि कृतीबरोबर कर्तव्यातली कसूरही आहे. अँग्लिकन परंपरेच्या 1552 च्या पापकबुलीत तर न केलेलं आधी येतं, केलेलं नंतर. उपासनेत ते शब्द आले की क्षणभर थांबून वहीतली एक ओळ मनात म्हणावी.

झडती आठवड्यातून एकदाच. तीच ओळ भरपाई आणि क्षमा होऊनही परत परत लिहावीशी वाटत असेल, तर वही महिनाभर मिटून ठेवा आणि एकाच धर्मगुरूंचा सल्ला घ्या. दर वेळी नवे फादर किंवा पाळक शोधू नका.