प्राण्याच्या शरीराची सममिती कशी ओळखावी

सममिती ठरवताना हमखास होणारी चूक म्हणजे चित्र दिसताच त्यावर मधोमध रेघ मारणे. त्याआधी प्राण्याचे तोंड कोठे आहे ते शोधावे. तोंडापासून त्याच्या विरुद्ध टोकापर्यंत जाणारी काल्पनिक रेषा हा शरीराचा अक्ष मानावा आणि मनातल्या मनात छेद घ्यायचे ते या अक्षातून जाणारेच घ्यावेत. गांडुळाचे आडवे तुकडे समान लांबीचे झाले, तरी त्यावरून सममितीबद्दल काहीच कळत नाही.

आता हा छेद अक्षाभोवती फिरवून पाहावा. एकाच स्थितीत दोन भाग परस्परांची आरशातील प्रतिमा ठरत असतील, तर सममिती द्विपार्श्व असते. झुरळ, बेडूक, फुलपाखरू आणि माणूस याच गटातले. अनेक स्थितींत तसे भाग मिळाले, तर ती अरीय सममिती होय, जसे जेलीफिश. कोणत्याही स्थितीत भाग जुळले नाहीत, तर शरीर असममित समजावे. बहुतेक स्पंज असेच असतात. ही तपासणी बाह्यरचनेपुरती ठेवावी, अन्यथा डावीकडे कललेले हृदय आणि उजवीकडचे यकृत पाहून माणसालाही असममित म्हणावे लागेल.

खरी कसोटी तारामाशापाशी लागते. त्याचे तोंड खालच्या बाजूला असल्यामुळे अक्ष उभा येतो, आणि प्रत्येक छेद एका भुजेच्या मधून निघून समोरच्या दोन भुजांच्या बेचक्यातून बाहेर पडतो, म्हणून पाच भुजांच्या तारामाशात असे पाच छेद मिळतात. मात्र वरचा पृष्ठभाग नीट न्याहाळला, तर केंद्रापासून थोडी बाजूला, दोन भुजांच्या मध्ये, बारीक चाळणीसारखी एक गोल चकती दिसते. काटेकोर राहायचे तर तिच्यामुळे एकच छेद उरतो. तरीही शरीराची एकूण मांडणी पाहून ही सममिती पंचअरीयच मानतात. याच प्राण्याचा डिंभक, म्हणजे अंड्यातून निघालेली प्रौढापेक्षा वेगळी दिसणारी अवस्था, मात्र द्विपार्श्व असतो. समुद्रकाकडी तर आडवी पडलेली असते आणि तोंड एका टोकाला असते. अक्षाचा नियम पाळला नाही, तर तिची मूळची पंचअरीय मांडणी नजरेतून सुटते. समुद्रफूल वरून अगदी गोल दिसते, पण त्याचे तोंड फटीसारखे लांबट असते, त्यामुळे आतली रचना धरली, तर अनेकदा दोनच छेद जुळतात.

गोगलगायीचा शंख पाहून फसू नये. तिचे डोके आणि पाय द्विपार्श्व असतात. पीळ पडतो तो शंखाला आणि त्यातील अवयवांना. लेपसारख्या चपट्या माशाचे दोन्ही डोळे एकाच बाजूला दिसतात, परंतु पिल्लू असताना ते दोन बाजूंना असतात आणि वाढ होताना एक डोळा डोक्यावरून पलीकडे सरकतो. म्हणून निरीक्षणाच्या वहीत सममितीच्या नोंदीशेजारी तो जीव डिंभक, पिल्लू की प्रौढ होता, हेही लिहून ठेवावे.