लोलकाचा प्रयोग फसतो कुठे? या चुका टाळा

"सर, टाचणी दिसंना की ओ!"

दहावीच्या वर्गात लोलकाचा, म्हणजे काचेच्या त्रिकोणी प्रिझमचा प्रयोग असतो: एका बाजूला दोन टाचण्या रोवायच्या, पलीकडून लोलकातून बघत त्यांच्याच ओळीत आणखी दोन लावायच्या आणि किरणाची वाट आखायची. तो सुरू झाला की पाच मिनिटांत ही हाक येतेच. बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यात मराठी माध्यमाच्या मुलांना विज्ञान शिकवताना मी ती इतक्यांदा ऐकली आहे, की आता लोलकाकडे न बघता आधी वही बघतो. चूक बहुतेक वेळा तिथंच सापडते.

आधी शब्दांचा एक घोळ मिटवू, कारण तो आपल्या सीमाभागातला खास घोळ आहे. आपल्या पुस्तकात 'अपवर्तन' असतं, शेजारचं कन्नड माध्यमाचं पोर 'वक्रीभवन' म्हणतं, आणि दोघांना वाटतं धडे वेगळे आहेत. जुन्या मराठी पुस्तकांतही वक्रीभवनच असायचं. आजोबांना विचारून बघा. गोष्ट एकच: हवेत सेकंदाला सुमारे ३ लाख किलोमीटर जाणारा प्रकाश काचेत २ लाखांच्या आसपास येतो, आणि तिरका शिरला तर वळतो.

आता टाचणी. मुलगा शपथेवर सांगतो, "आपतन कोन साठ घेतलाय." आपतन कोन म्हणजे किरण लोलकात शिरतानाचा कोन. घेतलेला असतो, पण लोलकाच्या बाजूपासून मोजून. कोन मोजायचा तो स्तंभिकेपासून, म्हणजे बाजूवर काढलेल्या लंबापासून. बाजूपासून ६० म्हणजे खरा कोन ३०, आणि नेमका तिथंच खेळ संपतो. शाळेतल्या लोलकाचा कोन, म्हणजे किरण शिरतो आणि निघतो त्या दोन बाजूंमधला कोन, ६० अंशांचा असतो आणि काच साधी असेल तर अपवर्तनांक (प्रकाशाचा हवेतला वेग भागिले काचेतला वेग) १.५२ च्या जवळपास. अशा लोलकात आपतन कोन तिसाच्या खाली गेला की आत शिरलेला किरण दुसऱ्या बाजूवर ४१ अंशांहून जास्त तिरका आदळतो आणि बाहेर न पडता आतच परत फिरतो. हे पूर्ण आंतरिक परावर्तन. नेमक्या तिसावर किरण निघतो खरा, पण बाजूला जवळजवळ घासून. त्याला शोधायला डोळा कुठं लावायचा हे मोठ्यांनाही सुचत नाही. म्हणून सुरुवात ३५ पासून करा आणि पाच-पाच अंशांनी ६० पर्यंत जा.

याच चुकीचं दुसरं रूप जास्त फसवं आहे. बाजूपासून ४० मोजले तर खरा कोन ५० होतो. टाचण्या छान दिसतात, विचलन, म्हणजे किरण मूळ दिशेपासून एकूण जितका वळतो तो कोन, ३९ च्या आसपास येतं, आणि खऱ्या ४० ला ते साडेचाळीसच्या आसपास असतं. फरक दीड अंशाचा, कोनमापकावर कुणाच्या लक्षातही येत नाही. चूक तशीच वहीत जाते.

विचलनाचे आकडे 'सुधारणं' हा आणखी एक रोग. मुलांना वाटतं, कोन वाढला की विचलनही वाढलंच पाहिजे. तसं होत नाही. ३५ ला ते ४४ च्या जवळ येतं, ४० ला साडेचाळीस, ५० ला ३९, आणि ६० ला पुन्हा साडेचाळीस. मधे तळ गाठून ते परत चढतं. ४० आणि ६० ला सारखंच का? कारण ४० नं शिरलेला किरण ६० च्या आसपास बाहेर पडतो. उलट्या दिशेनं गेलात तरी वाट तीच. पडताळा घ्यायचा असेल तर आपतन कोन आणि निर्गत कोन (किरण बाहेर पडतानाचा, तोही स्तंभिकेपासून) यांची बेरीज करा, ती लोलकाचा कोन अधिक विचलन इतकी यायला हवी. एक-दोन अंश इकडंतिकडं चालतं. दहा चालत नाही.

हातकामातल्या चुका थोडक्यात. लोलकाची कड आखून घ्या, नंतर तो हलवू नका. दुधी, घासलेली बाजू असेल तर ती किरणाच्या वाटेत नको. टाचण्यांत पाचेक सेंटिमीटर अंतर ठेवा आणि ओळ जुळवताना डोकी नव्हे, पाय बघा. टाचणी कललेली असतेच.

रंगांचा प्रयोग घरी करणाऱ्यांची तक्रार वेगळी: "पांढरंच दिसतंय, कडेला थोडं तांबडं-निळं." खानापूरकडच्या कौलारू घरात काचेच्या कौलातून कवडसा उतरतो, त्यात लोलक धरायचा आणि तळहातावर रंग शोधायचे, असं चालतं. पण तांबडा आणि जांभळा यांच्या वळण्यात फरक जेमतेम दीड-पावणेदोन अंशांचा, आणि सूर्य स्वतःच अर्धा अंश रुंद! वीतभर अंतरावर रंग एकमेकांवरच पडणार. न्यूटननं १६७२ च्या पत्रात आपली मापं दिली आहेत: पाव इंचाचं भोक, भिंत २२ फुटांवर, रंगपट्टा सव्वातेरा इंच लांब. तुम्ही पुठ्ठ्याला पेन्सिलीएवढं भोक पाडून कवडसा बारीक करा आणि भिंत निदान तीन मीटर लांबची घ्या. लोलकातून सूर्याकडे मात्र कधीही बघायचं नाही.

आकृतीत रंग दुसऱ्या बाजूवरच फुटलेले दाखवू नका. ते पहिल्याच बाजूवर वेगळे व्हायला लागतात, दुसरीवर आणखी फाकतात. जांभळा लोलकाच्या पायाकडे (जाड बाजूकडे) जास्त वळतो, तांबडा कमी.

एकानं जत्रेतला तांबडा लेसर लोलकातून सोडला आणि म्हणाला, "सर, ह्यो लोलक बिघडलाय, रंगच पाडंना." लेसरमध्ये एकच रंग, तो फुटणार कशात? लोलक रंग घालत नाही, आधीच असलेले वेगळे करतो. दुसऱ्यानं लगेच जुनी सीडी काढून दाखवली, "मग ह्यात कसे पडतात?" ते अपवर्तन नव्हे, विवर्तन, म्हणजे सीडीवरच्या बारीक रेघांमुळं प्रकाशाचं पसरणं. तिथं तांबडा जास्त वळतो, जांभळा कमी. बरोबर उलटं.