मुलांना नीलगिरीची ओळख कशी करून द्यावी

मराठवाड्यातल्या मुलांना नीलगिरी नवी नसते. शेताच्या बांधावर, रस्त्याच्या कडेला, पाझर तलावाच्या खालच्या अंगाला ती त्यांनी पाहिलेली असते. मात्र विचारले, तर बहुतेक मुले एवढेच सांगतात की हे झाड फार पाणी पिते. हे वाक्य लगेच खोडू नये आणि लगेच मान्यही करू नये. ते फळ्यावर लिहून ठेवावे आणि मुलांना घेऊन झाडाकडे निघावे. दिवस शक्यतो वारा नसलेला निवडावा. या झाडाच्या मोठ्या फांद्या कधी कधी पूर्वसूचना न देता निखळतात, म्हणून निरीक्षण संपले की डबे खाण्यासाठी दुसऱ्या झाडाखाली बसावे.

आरंभ पानापासून करावा. मुलांच्या एका हातात नीलगिरीचे आणि दुसऱ्या हातात पिंपळाचे पान द्यावे. पिंपळाच्या पानाची वरची बाजू तकतकीत आणि खालची फिकट असते. नीलगिरीच्या पानाच्या दोन्ही बाजू जवळजवळ सारख्याच असतात. याचे कारण सांगण्याची घाई न करता मुलांना वर पाहू द्यावे. फांदीवरची पाने विळ्यासारखी खाली लोंबतात आणि भर दुपारच्या उन्हाला पसरट अंगाऐवजी कड दाखवतात, त्यामुळे पान कमी तापते आणि उजेड दोन्ही बाजूंना मिळतो. कडुनिंबाखाली गार, दाट सावली असते आणि येथे नुसते कवडसे पडतात, ते यामुळेच. त्यानंतर पान उजेडासमोर धरायला सांगावे. सुईने टोचल्यासारखे दिसणारे बारीक ठिपके म्हणजे तेलाच्या पिशव्या होत, आणि पान चुरगळताच येणारा, सर्दीच्या मलमाची आठवण करून देणारा वास त्यांचाच असतो. ही पाने खाऊन जगणाऱ्या कोआला या ऑस्ट्रेलियातल्या प्राण्याचे यकृत या तेलातले विष निकामी करू शकते, आपले नाही. म्हणून पान तोंडात घालू नये आणि घरातली तेलाची बाटली लहान भावंडांच्या हाती लागू देऊ नये, हे येथेच बजावून सांगावे.

खोडाजवळ फार बोलावे लागत नाही. सालीचे लांब पापुद्रे सुटून खाली पडलेले असतात आणि आतले पांढरट, राखाडी, गुलाबी झाक असलेले गुळगुळीत खोड दिसते. माझ्या वर्गातल्या एका मुलीने त्यावर हात फिरवून विचारले होते, "सर, हे झाड कात टाकतंय का?" याहून चांगले वर्णन मला आजवर सुचलेले नाही.

खरी गंमत कळीत आहे, म्हणून तिच्यासाठी भरपूर वेळ राखून ठेवावा. पक्व कळीचे टोपण नखाने हलकेच उचलले की आत दाटीने बसलेले पांढरे पुंकेसर मोकळे होतात. वेगळ्या पाकळ्या नसतातच; फुलाची सारी शोभा या पुंकेसरांची. लेरितिए या फ्रेंच वनस्पतिशास्त्रज्ञाने 1788 मध्ये नीलगिरीच्या वंशाला युकॅलिप्टस, म्हणजे ग्रीक भाषेत 'नीट झाकलेले', हे नाव दिले ते या टोपणावरूनच. या वंशात सातशेहून अधिक जाती आहेत. आपल्याकडे बहुधा टेरेटिकॉर्निस, कॅमाल्ड्युलेन्सिस किंवा या दोहोंचा संकर आढळतो. टोपण शिंगासारखे लांब असेल तर पहिली जात, आखूड गोलसर असून टोकाला बहुधा चोच असेल तर दुसरी. संकरित झाडाचे नाव मात्र हट्टाने ठरवू नये. झाडावरची पिकलेली पण न उघडलेली फळे मिळाली तर ती कागदावर पसरून दोन-तीन दिवस उबदार जागी ठेवावीत. त्यांची तोंडे उघडतात आणि मोहरीपेक्षाही बारीक बी कागदावर सांडते.

यानंतर कॅमाल्ड्युलेन्सिसचे मूळ घर नकाशावर दाखवावे. हे ऑस्ट्रेलियाचे नदीकाठचे झाड आहे, आणि तेथे त्याला रिव्हर रेड गम म्हणतात, कारण त्याचे लाकूड लाल असते. मरे नदीच्या काठी बार्मा येथे त्याचे विस्तीर्ण जंगल आहे आणि नदीच्या पुरावर ते पोसले जाते. जुन्या खोडांच्या ढोल्यांत पोपट घरटी करतात. तेथील आदिवासी या झाडाची साल अखंड काढून होड्या बनवत आणि त्या जखमांचे वण काही खोडांवर अजून दिसतात. शास्त्रीय नाव मात्र इटलीतले आहे: नेपल्सजवळच्या कामाल्दोली येथील बागेतल्या झाडावरून वनस्पतिशास्त्रज्ञ डेनहार्ट यांनी 1832 मध्ये ते दिले.

गोदावरीला पूर आलेला पाहिलेल्या मुलांना पुढचा मुद्दा चटकन समजतो: पुराच्या पाण्यावर आणि खोल ओलीवर वाढणारे झाड आपण कोरडवाहू बांधावर आणून लावले आहे. आता फळ्यावरचे वाक्य तपासता येते. रब्बीची ज्वारी पोटऱ्यात आली की शेतमालकाची परवानगी घेऊन नीलगिरीच्या बांधापासून आत चालत जावे आणि ताटे पूर्ण उंचीची कोठून होतात ते पावलांनी मोजावे. बाभळीच्या बांधापासून आणि झाड नसलेल्या बांधापासूनही असेच मोजावे. उंची खुजी राहण्यात पाण्याबरोबर सावलीचाही वाटा असू शकतो, म्हणून बांध कोणत्या दिशेला आहे तेही लिहावे. पावलांचे आकडे मुलांनी आपापल्या वहीत नोंदवावेत, आणि एखाद्या बांधावर काहीच फरक आढळला नाही, तर तेही तसेच लिहावे.