फोटो टाकण्याआधी दहा मिनिटांचा खेळ

‘अनोळखी माणसाला पत्ता सांगू नका’ असं सातवीच्या वर्गाला कितीही वेळा सांगा, मुलं माना डोलावतात आणि संध्याकाळी गळ्यात शाळेचं ओळखपत्र घातलेला फोटो स्टेटसला ठेवतात. म्हणून मी भाषण बंद करून हा खेळ सुरू केला.

१. स्वतःचाच एखादा साधा फोटो प्रोजेक्टरवर लावा. मुलांचा नको, उगाच एकाचं हसं होतं.

२. विचारा, ‘या बाई कोण हे तुम्हाला माहीत नाही. फोटोवरून काय काय शोधाल?’

३. उत्तरं फळ्यावर लिहा. माझ्या फोटोत स्कूटीचा नंबर आणि मागच्या किराणा दुकानाच्या पाटीवर गावाचं नाव होतं. शेवटच्या बाकावरच्या मुलीने फाटकावरची पाटी वाचून आमचं आडनावही सांगितलं! मला स्वतःला ती पाटी दिसलीच नव्हती.

४. मग घरी आपापल्या फोटोंवर हेच करायचं आणि सापडेल तो भाग कापून टाकायचा.

दहावीची मुलं असतील तर गुणपत्रिकेचा विषय जरूर काढा. बोर्डाचा निकाल ऑनलाइन पाहायला आसनक्रमांक आणि आईचं नाव एवढंच लागतं, आणि गुणपत्रिकेवर दोन्ही असतात.

एक मात्र बघा. नंबर झाकायला मुलं फोनमधला हायलायटर फिरवतात. त्याचा रंग अर्धवट पारदर्शक असतो, ब्राइटनेस वाढवला की खालचे आकडे वाचता येतात. तेवढा भाग सरळ क्रॉपच करायला सांगा.