व्हॉइसमेलची डिस्क भरली? मेसेज उडवायच्या आधी फॉरमॅट बघा

डिस्क भरली की पहिला हात जुने मेसेज उडवायला जातो, खरं तर ते सगळ्यात शेवटी करायचं असतं कारण एकदा गेलेला मेसेज परत मिळत नाही. मी अ‍ॅस्टेरिस्कबद्दल सांगतोय, म्हणजे ऑफिसची फोन यंत्रणा आणि तिचा व्हॉइसमेल चालवणारं सॉफ्टवेअर.

आधी डीएफ (डिस्कवर किती जागा उरली ते दाखवणारी कमांड) मारून कुठलं पार्टिशन भरलंय ते बघा, मग व्हार-स्पूल-अ‍ॅस्टेरिस्क फोल्डरमध्ये डीयू (कुठल्या फोल्डरने किती जागा घेतलीय ते सांगणारी कमांड) चालवा. बऱ्याचदा व्हॉइसमेलचा काहीच दोष नसतो, जागा मॉनिटर फोल्डरमधल्या कॉल रेकॉर्डिंगनी नाहीतर लॉगनी (सिस्टिमच्या नोंदींच्या फाइल्सनी) खाल्लेली असते. आणि चालू लॉग फाइल नुसती डिलीट केली तर जागा सुटत नाही, प्रोसेसने ती धरून ठेवलेली असते, त्यामुळे अ‍ॅस्टेरिस्कला लॉगर रोटेट ही कमांड द्या.

व्हॉइसमेलच असेल तर कुठलाही एक इनबॉक्स उघडून बघा. मी एकदा उघडला तर एमएसजी०००० नावाच्या ४ फाइल्स! एक छोटी टेक्स्ट फाइल, त्यात कॉलरचा नंबर-वेळ वगैरे, आणि तोच मेसेज ३ वेळा, साधा वेव्ह, आणि जीएसएम व वेव्ह४९ हे दोन कॉम्प्रेस केलेले फॉरमॅट. अ‍ॅस्टेरिस्कसोबत येणाऱ्या व्हॉइसमेलच्या सॅम्पल कॉन्फिगमध्ये (नमुना सेटिंग फाइलमध्ये) फॉरमॅटच्या ओळीत हे तिन्ही लिहिलेले असतात आणि लोक ती ओळ तशीच ठेवतात. आता हिशोब बघा, साधा वेव्ह सेकंदाला १६,००० बाइट म्हणजे मिनिटाला साधारण ९६० केबी, बाकीचे दोन मिनिटाला १०० केबीच्या आतबाहेर. म्हणजे एक मिनिटाचा मेसेज सव्वा अकराशे केबीच्या पुढे जातो, नुसता वेव्ह४९ ठेवला तर १०० केबीत काम होतं. बोलणं व्यवस्थित कळतं.

म्हणून त्या ओळीत फक्त वेव्ह४९ ठेवा आणि व्हॉइसमेल रीलोड करा. पण इथे थांबू नका!! जुन्या मेलबॉक्समधल्या फाइल्सही नव्या लिस्टप्रमाणे असायला लागतात, नाहीतर युजर मेसेज ऐकताना, हलवताना गोंधळ होतो, सॅम्पल फाइलमध्येच तशी वॉर्निंग दिलेली आहे. आधी बॅकअप घ्या, प्रत्येक मेसेजची वेव्ह४९ कॉपी आहे ना ते बघा, मग बाकीच्या दोन कॉप्या काढा. नीट बघून काढा, वेव्ह४९ चं एक्स्टेन्शन कॅपिटल अक्षरात असतं आणि साध्या वेव्हचं स्मॉल, घाईत फाइंड कमांडला केसकडे दुर्लक्ष करायला सांगितलं की दोन्ही जातात. टेक्स्ट फाइलला हात लावायचा नाही. अनअव्हेलेबल, बिझी, ग्रीट या लोकांनी स्वतः रेकॉर्ड केलेल्या ग्रीटिंग असतात, त्याही पुसू नका.

एवढं केल्यावर त्याच फाइलमधल्या मॅक्सएमएसजी (जास्तीत जास्त किती मेसेज) आणि मॅक्ससेक्स (एक मेसेज जास्तीत जास्त किती सेकंदांचा) या सेटिंग बघा. मॅक्सएमएसजी फोल्डरमागे मोजला जातो, डिफॉल्ट १००. तो फार कमी केला तर इनबॉक्स लवकर भरतो आणि नवीन माणसाला मेसेजच ठेवता येत नाही, त्यापेक्षा मॅक्ससेक्सने मेसेजची लांबी ३ मिनिटांवर आणलेली बरी. बॅकअपडिलीटेड ही सेटिंग चालू असेल तर डिलीटेड फोल्डरही तपासा, युजरने पुसलेलं तिथे साठत असतं.

ईमेल केल्यावर मेसेज आपोआप काढायची सेटिंग आहे, पण मेल पोचला नाही तरी इकडचा मेसेज गेलेला असतो, म्हणून मेल सर्व्हरची पक्की खात्री असेल तरच ती लावा. एवढं करूनही जागा कमी पडली तर ओल्ड फोल्डरमधले ऐकून झालेले मेसेज काढा, शक्यतो युजरला सांगून त्याच्याच फोनवरून, म्हणजे मेसेजच्या सगळ्या फाइल्स एकत्र जातात.