दोऱ्याचा अँकर बसवणाऱ्या ड्रायव्हरची रचना

खांद्याची फाटलेली कंडरा (स्नायूला हाडाशी जोडणारा पट्टा) हाडाला पुन्हा जोडण्यासाठी दोरा ओवलेला अँकर, म्हणजे हाडात फिरवून बसवायचा छोटा स्क्रू, वापरतात. तो बसवणारा ड्रायव्हर वाळूज औद्योगिक वसाहतीतल्या एखाद्या सीएनसी (संगणकनियंत्रित यंत्रांच्या) वर्कशॉपमध्येही घडवता येतो, मात्र रचनेची सुरुवात हँडलपासून नव्हे, अँकरपासून करावी. या कामासाठी अँकरचा व्यास साधारण 4.5 ते 5.5 मिलिमीटर असतो. म्हणून दांडा त्याहून बारीक ठेवावा आणि त्याचे टोक अँकरच्या खाचेत डगमगणार नाही इतके नेमके बसवावे.

खरी परीक्षा दोऱ्याची असते. दोरा ज्यातून जातो त्या दांड्यावरच्या पन्हळीची कड बोटाला गुळगुळीत लागली, तरी भिंगाखाली तिथे धातूचे बारीक कुसळ दिसते आणि अँकर फिरवताना ताणलेला दोरा तिथेच कातरला जातो. ड्रॉइंगवर कडेची गोलाई लिहायला बहुतेक जण विसरतात. अँकर हाडात किती खोल गेला ते दाखवणारी दांड्यावरची खूण रंगाने न काढता लेझरने कोरावी, कारण उपकरण 134 अंश सेल्सिअसच्या ऑटोक्लेव्हमधून (वाफेने निर्जंतुक करणाऱ्या यंत्रातून) वारंवार जाते.

चाचणी हाडाऐवजी पॉलियुरेथेन फोमच्या ठोकळ्यांवर घ्यावी आणि त्यांत कमी घनतेचा ठोकळा अवश्य असावा, कारण वृद्धांच्या विरळ हाडातून अँकर सहज उपटून येतो. शेवटी छत्रपती संभाजीनगर किंवा लातूरच्या एखाद्या अस्थिरोगतज्ज्ञाला ओले हातमोजे घालून हँडल फिरवायला सांगावे. ते निसटले, तर त्यावरच्या खाचा वाढवाव्यात.